दुसऱ्या वेलांटीची कीड

खेरडीकडच्या खाचरांत भात पिवळं पडतं, ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर बसतं, आणि त्याच सुमाराला आमच्या सिल्वासात भोंगे लावलेल्या रिक्षा फिरायला लागतात. नगरपरिषदेची निवडणूक नेमकी ह्याच दिवसांत का यावी, मला ठाऊक नाही. पण तिचा वास माझ्या नाकात पक्का बसला आहे. कापलेल्या भाताचा, रिक्षाच्या धुराचा आणि ताज्या छापलेल्या पत्रकाच्या शाईचा. पहिले दोन वास आपोआप येतात. तिसरा हुंगायला मागच्या खेपेला मी स्वतःच्या पायांनी चालत गेलो होतो.

यंदाही रिक्षा आल्या. मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी भाजी आणायला निघालो तर मैदानात सभा चालू होती. व्यासपीठावरचे गृहस्थ घाम पुसत म्हणाले, "शहराला कीड लागली आहे हे आपल्याला कळलंच आहे. आता फवारणीची वेळ आली आहे." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या माणसाच्या एका हातात कोबी होता, म्हणून त्याने दुसरा हात मांडीवर आपटून टाळी वाजवली. सज्जन माणूस. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला होता तेव्हा खाली वाकून माझ्या पाया पडला होता. फवारणी कोणावर करायची, हे त्याला विचारलं असतं तर तो गडबडला असता. म्हणूनच कोणी विचारत नाही.

मला त्या वक्त्याचा राग आला नाही. राग यायला समोरच्याबद्दल थोडी तरी आस्था लागते. मला किळस आली. आणि घरी येऊन पिशवीतली भाजी काढताना लक्षात आलं की ही किळस निम्मी माझी माझ्याबद्दलची आहे. त्या गृहस्थांच्या तोंडातला 'कीड' हा शब्द मी शुद्ध करून दिलेला होता.

मी मराठीचा मास्तर. मूळचा लांज्याकडचा. नोकरीच्या निमित्ताने ह्या गावात आलो आणि बदली होईल होईल म्हणता इथलाच झालो. इथे गुजराती बाजारात चालते, हिंदी कंपनीत चालते, मराठी आमच्या शाळेत आणि भांडणात. अशा गावात मराठीचा मास्तर थोडा हट्टी होतो. दुकानाच्या पाटीवर 'दूध' पहिल्या उकाराने लिहिलेलं दिसलं की माझा दिवस खराब जायचा. बायको म्हणायची, "अहो, दूध चांगलं असलं म्हणजे झालं." मला ते पटायचं नाही. भाषा नीट असली की माणसं नीट होतात, असं मी पंचवीस वर्षं मुलांना सांगत आलो. किती गाढव असावं माणसाने!

ह्या गावातली गंमत अशी की इथे जो तो बाहेरचा. कचेऱ्यांतले आम्ही कोकणातले आणि मुंबईकडचे. धाग्याच्या आणि प्लॅस्टिकच्या कंपन्यांत खानदेशातले, त्यांच्यानंतर उत्तरेकडचे. दुकानदार वापी-वलसाडकडचे. आमच्या शाळेत लहानू नावाचे शिपाई होते, खानवेलच्या जंगलपट्ट्यातले वारली. एकदा स्टाफरूममध्ये कोण किती जुना यावर वाद रंगला होता. कोणी म्हणालं मी आलो तेव्हा इथे एकच सिग्नल होता, दुसरा म्हणाला मी आलो तेव्हा तोही नव्हता. तिसऱ्याने जाहीर केलं की तो आला तेव्हा इथे काहीच नव्हतं. लहानू चहाचे कप गोळा करत होते. म्हणाले, "आमी होतो ना, सर. तुमी सगले बशीतून उतरलात, आमी बगितला." सगळे हसले, मीही हसलो. मग तिसऱ्याने आपलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तर असल्या गावात 'बाहेरचे' हा शब्द कोणी कोणाला म्हणायचा? पूर्वी म्हणतच नसत. निदान मोठ्याने म्हणत नसत. आमच्या इमारतीत तळमजल्यावर साळवी राहतात, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, रत्नागिरीचे. इमारतीच्या मागे त्यांच्या जागेत आठ खोल्यांची एक रांग आहे, तिला सगळे 'लाइन' म्हणतात. त्या लाइनीत कंपनीतली खानदेशी माणसं भाड्याने राहत. साळवींची जीभ कशी कशी सरकत गेली, हे मी एका जिन्याच्या अंतरावरून पाहिलेलं आहे. आधी ते गणपतीच्या मंडपात माईक धरून सांगत, "अहो बाहेरचं कोण? आपण सगळेच पोटासाठी आलेलो." मग काही वर्षांनी जिन्यात थांबून म्हणू लागले, "मी म्हणत नाही हो, पण लोक म्हणतात, ह्या कंपनीवाल्यांमुळे पाणी पुरत नाही." त्यानंतर, "लोक म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही." आणि शेवटी एक दिवस छाती काढून, "मी तर पहिल्यापासून सांगत होतो." त्या 'पहिल्यापासून'ला साक्षीदार मी होतो, आणि मी मान डोलावली. जिन्यात उभ्याउभ्या कोण वाद घालणार?

माणसाचं मत बदलतं यात काही वाईट नाही. साळवींचं मत बदललंच नव्हतं, ते मंडपातसुद्धा त्यांच्या पोटात होतं. बदललं एवढंच की बोलण्याची लाज गेली. आणि ती एकट्याची कधी जात नाही. आधी कोणीतरी थोडं जास्त बोलून बघतो, आजूबाजूला कोणी खाकरलं नाही की तेवढी जागा कायमची मोकळी झाली असं धरतो, आणि मग बाकीचे त्या जागेत खुर्च्या टाकून बसतात. शिष्ट माणसं सगळ्यात शेवटी येतात, पण हटकून येतात.

मागच्या निवडणुकीचा तो हंगाम. दिवाळीची सुट्टी तोंडावर, दहावीचा वर्ग माझ्याकडे. एका सकाळी वर्गात शिरलो तर पोरं हसून हसून बाकांवर लोळत होती. त्यांच्या हातात एका उमेदवाराचं मराठी पत्रक होतं. 'नगरपरीषदेच्या वीकासासाठी', 'पीण्याचे पानी', 'आपला ऊमेदवार'. खाली एका ओळीत 'बाहेरचे' लोक सुविधा पळवतात असं काहीतरी होतं, तो शब्द अवतरणचिन्हांत, म्हणजे छापणाऱ्याला अजून थोडा संकोच होता. पण पोरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ज्योती नावाची मुलगी उभी राहून ते पत्रक वक्त्यासारखा हात उडवत वाचत होती आणि प्रत्येक चुकीला अख्खा वर्ग ओरडत होता, "दुसरी वेलांटी!" निम्मा वर्ग खानदेशातल्या कंपनीवाल्यांच्याच पोरांचा. ज्यांच्याविरुद्ध तो कागद काढला होता तीच पोरं त्याची चटणी करत होती.

ज्योती लाइनीतल्या तिसऱ्या खोलीतली. तिची आई मंगलाबाई, साक्रीकडची, धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला. वडील हिंमतराव त्याच कंपनीत मशीनवर. कंपनीची बस आमच्याच नाक्यावर थांबे, म्हणून ती खोली त्यांनी इतकी वर्षं सोडली नव्हती. मंगलाबाई माझ्या बायकोकडे कळण्याची भाकरी घेऊन यायच्या, बायको त्यांना सोलकढी द्यायची, आणि दोघी एकमेकींच्या पदार्थाला मनापासून नावं ठेवायच्या. "तुमन्या कढीले तिखट कुठे शे वहिनी? हाई तं नुसतं रंगनं पानी!" ज्योती हुशार होती. तिच्या वह्यांत मी पाच वर्षं लाल शाई ओतली होती, आणि दहावीला पोचेपर्यंत तिच्या लेखनात चूक सापडेनाशी झाली होती. माझ्या अख्ख्या नोकरीत असं यश मला फार वेळा मिळालं नाही.

त्या सकाळी वर्गासोबत मीही हसलो. पण मनात मात्र मला वाईट वाटलं, आणि ते कशाचं वाटलं ते आता सांगायची लाज वाटते. ह्या गावात मराठीत एक कागद निघतो आणि तोही असा गचाळ, गुजराती पत्रकं पाहा कशी नेटकी असतात, लोक काय म्हणतील आपल्या भाषेला! मला हे वाईट वाटलं. शाळा सुटल्यावर मी तडक केतनभाईंच्या छापखान्यात गेलो आणि त्यांना म्हणालो, "मराठी मजकूर आला की छापण्याआधी मला दाखवत जा. मी तपासून देईन." केतनभाई खूश झाले. त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. मला आपण समाजासाठी काहीतरी केल्यासारखं वाटलं.

चारच दिवसांनी त्यांचा निरोप आला. त्याच उमेदवाराचं दुसरं पत्रक. ह्या वेळी 'बाहेरचे' शब्दाची अवतरणचिन्हं गेली होती. आणि मधोमध एक लांबलचक वाक्य होतं: 'या शहराला बाहेरुन येउन राहनाऱ्या लोकांची किड लागली आहे जी आपल्या पाण्यावर आणी नोकर्‍यांवर ताव मारते आहे.'

वाचून मी थांबलो, हे खरं आहे. इतकं श्रेय मला मिळायला हरकत नाही. मी केतनभाईंना विचारलं, "हे जरा जास्त होतंय का?"

केतनभाई मशीनचा आवाज कमी करून आले, कागदाकडे पाहिलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "सर, एटलुं तो चाले, एवढं चालतं. मागच्या टायमाला ते 'बाहेरचे' छापलं तेव्हा मला पण थोडी बीक होती, भीती. काय झालं? कोण काय बोल्युं नाय. ते चाललं, तर हे पण चालेल. आणि आपलं काय, आपण तो छापवावाळा."

ह्या माणसाने मला राजकारण शिकवलं आणि मी समजलो तो धंद्याचं बोलतोय. चालेल की नाही हे ठरवायला कुठली समिती बसत नाही. मागच्या वेळचं कोणी अडवलं नाही, एवढा एकच पुरावा पुढच्याला पुरतो. 'चालतं' हे क्रियापद मी इतकी वर्षं शिकवलं, पण ते आपोआप चालत नाही, ते कोणीतरी चालवून घेतं, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात 'किड' आली होती.

कारण ती पहिल्या वेलांटीने लिहिली होती. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीची वेलांटी दुसरी. कीड, मीठ, पीठ. मी खिशातलं लाल पेन काढलं आणि कीड दीर्घ केली. 'बाहेरुन'चा रु सुधारला, 'राहनाऱ्या'चा ण केला, 'आणी'ची दुसरी वेलांटी पहिली केली. आणि मग, कोणी सांगितलं नसताना, केवळ मास्तरकीच्या खाजेने, मी ते लांबलेलं वाक्य तोडलं. त्याची दोन वाक्यं केली. 'या शहराला कीड लागली आहे. ती बाहेरून आली आहे.' शेपूट उडवून टाकलं. केतनभाईंनी वाचून पाहिलं आणि म्हणाले, "वाह, सर! आता बराबर बसलं."

बरोबर बसलंच होतं. दोन दिवसांनी मी शाळेकडे चाललो असताना भोंग्याची रिक्षा शेजारून गेली, आणि भोंग्यातून माझी ती दोन छोटी वाक्यं ठणठणत बाहेर पडली. आज मी कबूल करतो की ऐकताना पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. आपण केलेली दुरुस्ती कानाला कशी सोपी लागते, असं वाटलं. दुसरा क्षण यायला रिक्षा वळणापर्यंत जावी लागली. तिथे बसथांब्यावर मंगलाबाई डबा घेऊन उभ्या होत्या. रिक्षा त्यांच्यासमोरून हळूहळू गेली आणि त्या डबा ह्या हातातून त्या हातात घेत राहिल्या.

त्या आठवड्यात दहावीला मी अलंकार शिकवत होतो. उपमा आणि रूपक. मी फळ्यावर नेहमीसारखं लिहिलं की उपमेत 'सारखा', 'जसा' हे शब्द असतात. रूपकात ते गळतात, आणि दोन्ही गोष्टी एकच होऊन जातात. ज्योतीने हात वर केला. "सर, 'या शहराला कीड लागली आहे' हे काय झालं? ह्यात तर 'सारखी' नाही."

मी सांगितलं की बरोबर, इथे 'सारखी' गळली आहे, इतकंच नाही, उपमेयसुद्धा बोललेलं नाही, नुसतं उपमान उरलं आहे.

"मग उपमेय कोण, सर?"

वर्गात कोणी हसलं नाही. ज्या पोरांनी आठ-दहा दिवसांपूर्वी तो पहिला कागद फाडून खाल्ला होता, ती माझ्याकडे बघत होती. ह्या कागदात हसायला काहीच नव्हतं. मी ते ठेवलंच नव्हतं. घंटेला अजून बराच वेळ होता, तरी मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "हे परीक्षेला येत नाही, पुढचं घेऊ." ज्योती हळूच बसली आणि वहीत मान घालून पुढचं उतरवून घेऊ लागली.

गचाळ कागदाचा एक उपकार असतो, हे मला तेव्हा समजलं. त्याच्यावर हसता येतं, आणि ज्याच्यावर पोरं हसतात तो कागद घेऊन मोठी माणसं एकमेकांना दाखवत फिरत नाहीत. माझ्या हाताखालून गेलेला कागद मात्र इस्त्री केलेल्या कपड्यांतल्या माणसासारखा कुठल्याही घरात शिरू शकत होता. तो साळवींच्या घरात शिरला. साळवींना ती लाइन केव्हाची मोकळी करायची होती, पण आजवर भीड आडवी यायची. तोंडावर येता जाता नमस्कार करणाऱ्या माणसांना काय सांगून काढायचं? आता त्यांना सांगायला मजकूर मिळाला. त्यांनी सगळ्या खोल्यांना दिवाळीपर्यंतची मुदत दिली.

मंगलाबाई माझ्याकडे आल्या त्या दिवशी कंपनीला सुट्टी होती. दुपारची वेळ. त्या आत न येता दारातच उभ्या राहिल्या, असं त्या कधी करत नसत. म्हणाल्या, "सर, साळवी साहेबले एक शब्द सांगशात का? आमले कायमचं नको. ज्योतीनी दहावी व्हई जाऊ द्या, मार्चलोंग. मंग आम्ही कुठेबी जाऊ. आठी जवळ बसबी शे, शाळाबी शे. आते मधमा पोरनं काय करू?"

मी म्हणालो, "बघतो. बोलतो मी त्यांच्याशी."

गेलोही. साळवींनी मला खुर्ची दिली, आणि मी तोंड उघडायच्या आत टीपॉयवरचं ते पत्रक माझ्या हातात दिलं. "तुम्ही जाणकार आहात म्हणून दाखवतो. बघा, उगाच आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. किती व्यवस्थित मांडलंय! शिकलेल्या माणसाने लिहिलेलं लगेच कळतं. नाहीतर आधीचं ते पत्रक, शी! असलं काही वाचलं की मलाही वाटतं, आपण उगाच संकोच करतो."

ते बोलत राहिले. मी ती दोन वाक्यं पुन्हा वाचली. त्या वेळी मला एकच सांगायचं होतं, की साळवी, हा शिकलेला माणूस मी आहे, त्यात मांडलेलं काही नाही, मी फक्त वेलांट्या बदलल्या, आणि ह्या कागदाच्या नावाने तुम्ही त्या बाईला काढू नका. एवढं म्हटलं असतं तर साळवी ओशाळले असते. ते काही राक्षस नाहीत, चारचौघांत ओशाळणारा साधा भित्रा माणूस आहेत, आणि माझ्या शब्दाला त्यांच्याकडे मान आहे. मार्चपर्यंत ते नक्की थांबले असते. पण मग मी तपासलं हे बाहेर फुटलं असतं. शाळेत कळलं असतं, सरकारी नोकर असून प्रचाराच्या कागदाला हात लावला म्हणून विचारणा झाली असती. मी म्हणालो, "हो, भाषा चांगली आहे." मग चहा घेतला आणि वर आलो. मंगलाबाईंना बायकोकडून निरोप पाठवला की सर बोलले, पण साहेब ऐकत नाहीत.

मंगलाबाईंचं बिऱ्हाड दिवाळीआधीच गेलं. खेरडीला एका शेतकऱ्याच्या पडवीत जागा मिळाली. कंपनीची बस तिकडे जात नाही, म्हणून मंगलाबाईंचं पॅकिंगचं काम सुटलं. हिंमतराव सायकलने येत-जात राहिले. ज्योती महिनाभर कशीबशी शाळेत आली, मग एक दिवसाआड, मग आलीच नाही. मार्चात दहावीच्या परीक्षेला तिच्या बाकावर हजेरीचा कागद कोरा राहिला. पर्यवेक्षक म्हणून मी त्याच वर्गात होतो आणि मीच तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. 'गैरहजर'मध्ये चुकण्यासारखं काही नसतं.

निवडणुकीत तो उमेदवार जिंकला की हरला, हे सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूच्या लोकांचं मात्र सांगायला हवं. त्यांच्यातले एक सुसंस्कृत गृहस्थ आमच्या शाळेच्या कार्यक्रमात खास मुद्दा मांडून गेले, की 'कीड' हा शब्द आम्ही कधीही वापरणार नाही, तो आमच्या संस्कारात बसत नाही, परंतु प्रश्न खरा आहे. ह्या 'परंतु'वर जी टाळी पडली ती मैदानातल्या टाळीपेक्षा मऊ होती. मला विचाराल तर मी कोबीवाल्याला त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणेन. सुसंस्कृत गृहस्थांनी शब्द परत केला आणि त्याच्या आतला माल ठेवून घेतला. आणि आता साळवी म्हणतात, "अहो, फवारणी म्हणजे काय खरीखुरी का? भाषणातला अलंकार आहे तो. तुम्ही तर मराठीचे मास्तर!" काही माणसांना अलंकार कळतो तो फक्त स्वतःच्या बचावापुरता. एकदा कीड म्हटलं की पुढे फवारणीच येणार, दुसरं काय येणार? किडीला कोणी भाड्याची खोली शोधून देत नाही.

फवारणीच्या सभेच्या दुसऱ्या दिवशी केतनभाईंचा फोन आला. नवीन पत्रक तयार आहे, एक नजर टाकून जा. मी विचारलं, मजकूर काय? ते म्हणाले, "तेच, सर, थोडंक आगळ, एक पाऊल पुढे." मी येत नाही म्हणालो. ह्याला कोणी धैर्य समजू नये. निवृत्तीला आलेल्या माणसाला नकार द्यायला फार काही लागत नाही. पत्रक माझ्यावाचून निघालं. 'फवारणि' पहिल्या वेलांटीने छापलं होतं. कोणी हसलं नाही. आता तेवढ्या चुकीने काही अडत नाही, कागदाला माझी गरज उरलेली नाही. ह्याचासुद्धा मला कुठेतरी अपमान वाटला, इतका मी अजून कोडगा आहे.

रविवारी सकाळी मी खेरडीला गेलो. बायकोला म्हणालो, मंगलाबाईंना सांगून येतो. काय सांगून येतो, हे तिने विचारलं नाही. मंगलाबाई खोली सोडून गेल्यापासून ती माझ्याशी ह्या विषयावर बोलत नाही. वाटेत ऊन चढलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी चालू होती. मंगलाबाई एका खाचरात मजुरीवर भात कापत होत्या. मला बघून त्यांनी विळा बांधावर ठेवला, पदराने तोंड पुसलं, आणि मी उन्हात उभा आहे म्हणून मला आंब्याखाली बसा म्हणाल्या. हिंमतराव बरे आहेत, ज्योती वापीला एका दुकानात हिशेबाचं काम बघते, तिचं लग्न ठरायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. बायकोच्या कढीची चौकशी केली.

मी वाटभर वाक्य जुळवत आलो होतो. ते सगळं विसरलो. मी म्हणालो, "मंगलाबाई, मागच्या निवडणुकीत तो कागद निघाला होता ना, कीड लागली आहे म्हणून. तो मी तपासून दिला होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पेंढीला पीळ घालत म्हणाल्या, "माहीत शे, सर. ज्योतीनी तवाच वळखं. म्हने, आई, यामा एकबी चूक नही, हाई आपला सरनीच तपासेल शे."

"तुम्हाला माहीत होतं? मग साळवींना सांगा म्हणून तुम्ही माझ्याकडे..."

"म्हनीसनच तं आले व्हते," त्या म्हणाल्या. "साळवी साहेब त्या कागदले लई मानत व्हते. म्हटलं, ज्यानी तो दुरुस्त केला, त्याचं साहेब ऐकतीन."